शोधनिबंध पाठविताना



आपल्या वार्षिकात कथा, कविता आणि प्रवासवर्णने दरवर्षी भरपूर येतात. या वर्षी संपादक मंडळाने माझ्याकडे मागणी केली ती मात्र जराशा रुक्ष विषयावरील लेखाची. शोधनिबंध तयार करून एखाद्या तांत्रिक नियतकालिकाकडे कसा पाठवावा, हा तो विषय. मी होकार दिला खरा. पण लिहावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की, या विषयातील मला जे काही थोडेफार कळते ते पुस्तकांतून आलेले नाही. एका परत आलेल्या निबंधाने ते मला शिकविले आहे. तेव्हा नियम सांगता सांगता त्या निबंधाची हकीकतही सांगतो.

शोध-नियतकालिकांची परंपरा साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे. १६६५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले. त्याआधी विद्वान मंडळी आपले शोध एकमेकांना पत्रांनी कळवीत असत. नियतकालिक निघाल्यामुळे शोध कोणी व केव्हा लावला याची जाहीर नोंद राहू लागली आणि तो तपासण्याची संधी सर्वांना मिळू लागली. मात्र प्रत्येक निबंध बाहेरच्या परीक्षकाकडून तपासून घेण्याची प्रथा आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. ‘नेचर’सारख्या नामांकित साप्ताहिकाने ती १९७३ मध्ये नियमित केली.

एकच वाक्य

आता माझी हकीकत. आमच्या भूगोल विभागाने दोन शेजारगावांतील विहिरींची पाहणी केली होती. एका गावात डोंगरउतारावर बांधबंदिस्तीची कामे झाली होती, दुसऱ्या गावात झाली नव्हती. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात आणि नंतर ऐन मे महिन्यात विद्यार्थ्यांनी टेप सोडून पाण्याची खोली मोजली. बांधांच्या गावात पाणी सरासरी दीड मीटर वर होते. मी हर्षभरित झालो. दुसऱ्या गावाच्या ग्रामसभेत उभा राहून, “बांध घाला, विहिरींना जवळजवळ परसभर पाणी वाढेल,” असे सांगूनही आलो. निबंध अजून लिहून व्हावयाचा होता!

येथेच पहिला धडा आहे. लिहावयास बसण्यापूर्वी, ‘मला नेमके काय आढळले?’ या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात कागदावर लिहावे. ते वाक्य आपल्या आकड्यांना पेलते का, हे शांतपणे पाहावे. माझे वाक्य होते, ‘बांधबंदिस्तीमुळे भूजल वाढते.’ आकड्यांचे म्हणणे एवढेच होते की, ‘या दोन गावांत पाण्याची खोली निराळी आहे.’ या दोन वाक्यांतील अंतर तेव्हा मला दिसले नाही.

नियतकालिकाची निवड

निबंध कोणासाठी आहे हे ठरले की, त्या विषयाची चार नियतकालिके घ्यावीत व प्रत्येकाचे अलीकडचे काही अंक चाळावेत. आपण ज्या लेखांचा आधार घेतला ते कोठे छापले गेले, हे पाहिले तरी दिशा कळते. ‘लेखकांसाठी सूचना’ हे पान तर अक्षरशः पाठ करावे. शब्दमर्यादा, सारांशाची लांबी, तक्त्यांची पद्धत, संदर्भ देण्याची रीत हे सर्व तेथे असते. विषय बसत नाही किंवा सूचना पाळलेल्या नाहीत, एवढ्याच कारणाने संपादक कित्येक निबंध परीक्षकाकडे न धाडताच परत करतात.

एका वेळी एकाच नियतकालिकाकडे निबंध पाठवावा. नोकरीचे अर्ज दहा ठिकाणी टाकतात, तसे येथे चालत नाही. परीक्षक हे काम बहुधा विनामोबदला करीत असतात. दोन ठिकाणच्या परीक्षकांना एकाच वेळी राबविणे हा अप्रामाणिकपणा समजला जातो.

पैसे घेऊन आठ दिवसांत काहीही छापणारी दुकाने आज पुष्कळ झाली आहेत. पैसे घेणारे प्रत्येक नियतकालिक वाईट नसते. खुल्या प्रकाशनासाठी शुल्क घेणारी चांगली नियतकालिकेही आहेत. पाहावयाचे ते एवढेच की, तपासणी खरोखर होते का, आणि संपादक मंडळावरील माणसे खरी आहेत का. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये चांगल्या नियतकालिकांची ‘केअर’ यादी करण्याचे ठरविले होते. २०२५ च्या फेब्रुवारीत ती बंद झाली. म्हणजे पारख करण्याची जबाबदारी आता आपल्यावरच आली आहे.

हस्तलिखिताची मांडणी

तांत्रिक निबंधाचा साचा ठरलेला असतो : प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष आणि चर्चा. प्रश्न काय होता, तो कसा सोडविला, काय आढळले आणि त्याचा अर्थ काय, अशा चार प्रश्नांची ती चार उत्तरे आहेत. लिहिताना मात्र हा क्रम पाळू नये. मी आधी तक्ते व आकृत्या तयार करतो, मग पद्धती, मग निष्कर्ष. प्रस्तावना नंतर आणि सारांश सर्वांत शेवटी. सारांश दीड-दोनशे शब्दांचा असला तरी बहुसंख्य वाचक तेवढाच वाचतात, म्हणून त्यात खरा आकडा हवा; ‘उद्बोधक निष्कर्ष हाती आले’ असली वाक्ये नकोत.

सर्वांत जास्त कष्ट पद्धतीच्या भागावर घ्यावेत. कसोटी सोपी आहे : आपल्याला कधीही न भेटलेला माणूस, केवळ हा मजकूर वाचून, तेच काम तसेच करू शकेल का? मी लिहिले होते, ‘विहिरींतील पाण्याची खोली टेपने मोजली.’ मला ते वाक्य पुरेसे वाटले होते.

पाठविण्याचा दिवस

पूर्वी टंकलिखित प्रती टपालाने जात. आता संकेतस्थळावर खाते उघडून धारिका चढवावी लागते. लेखकाचे नाव परीक्षकाला कळू द्यावयाचे नसेल तर नावाचे पान वेगळे ठेवावे लागते. आणि धारिकेच्या गुणधर्मांत आपले नाव राहून जाते, तेही पुसावे. सोबत संपादकांना छोटेसे पत्र जोडावे. निबंधात नवे काय आहे, तो या नियतकालिकाला का योग्य आहे आणि तो अन्यत्र पाठविलेला नाही, एवढे त्यात पुरे. स्तुती नको. भाषा सुधारण्यासाठी संगणकीय बुद्धिमत्तेची मदत घेतली असेल आणि नियमांत तसे सांगितले असेल, तर तीही नोंदवावी. अशा साधनाला लेखक मानता येणार नाही, हे ‘नेचर’ने २०२३ मध्येच जाहीर केले आहे, कारण चूक निघाली तर उत्तर द्यावयास माणूसच लागतो.

परीक्षकांचे पत्र

चार महिन्यांनी पत्र आले. दोन परीक्षक होते. पहिल्याने एकच प्रश्न विचारला होता : “खोली कोठून मोजली? जमिनीपासून की कठड्यापासून?”

मला संताप आला. कठड्याने काय एवढे बिघडते, असे मी सहकाऱ्यांना बोलूनही दाखविले. मग आमच्या एका विद्यार्थिनीने आपली क्षेत्रवही आणून पुढे ठेवली. प्रत्येक विहिरीपुढे तिने ‘कठड्यावरून’ किंवा ‘जमिनीवरून’ असे लिहून ठेवले होते. बांध नसलेल्या गावात बहुतेक विहिरींना उंच कठडे होते आणि टेप त्यांच्या काठावरून सोडला होता. बांधांच्या गावातील विहिरी बिनकठड्याच्या होत्या. म्हणजे एका गावातील खोलीत कठड्याची उंची मिसळली होती. आम्ही पुन्हा गेलो, एकेक कठडा मोजला आणि ती उंची वजा केली. दीड मीटरचा फरक पाऊण मीटरवर आला.

दुसऱ्या परीक्षकाचे म्हणणे याहून मूलगामी होते. दोन गावांची माती, उतार आणि पाण्याचा उपसा सारखा नसताना सगळे श्रेय बांधांना कसे देता येईल? मात्र त्यानेच एक वाट दाखविली. ऑक्टोबर ते मे या काळात पाणी किती उतरले, हे पाहावे. एकाच विहिरीचे दोन्ही वेळा एकाच जागेवरून माप घेतले असेल, तर वजाबाकीत कठडा आपोआप गळून पडतो. वहीवरून खात्री झाली की, तसेच घेतले होते. बांधांच्या गावात पाणी कमी उतरले होते. फार नव्हे, पण निश्चित कमी.

रागावणारा मी पहिला नव्हतो. १९३६ मध्ये आइन्स्टाइन यांनी रोझेन यांच्यासह लिहिलेला, गुरुत्वीय लहरी नसतात असे प्रतिपादणारा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठविला. संपादकांनी तो परीक्षकाला दाखविला म्हणून ते रागावले आणि त्यांनी निबंध मागे घेतला. चूक मात्र निबंधातच होती. दुसऱ्या नियतकालिकात तो १९३७ मध्ये छापून आला, तेव्हा निष्कर्ष बदललेला होता.

म्हणून सांगतो, परीक्षकांचे पत्र आले की दोन दिवस उत्तर लिहू नये. नंतर प्रत्येक मुद्दा क्रमांक घालून उतरून घ्यावा आणि त्याखाली आपण काय बदलले, कोणत्या पानावर बदलले, ते लिहावे. पटले नाही तर तसेही लिहावे, पण कारणांसह. परीक्षकाला समजले नाही असे वाटले, तर आपण नीट सांगितले नव्हते असे आधी धरून चालावे.

नावे कोणाची?

हा प्रश्न नाजूक आहे. ज्याने कामाची आखणी, विश्लेषण किंवा लेखन यांत खरा वाटा उचलला आणि जो निबंधाबद्दल जबाब देऊ शकतो, तो लेखक. टेप धरणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांचे आम्ही नावानिशी आभार मानले. त्या वहीवाल्या विद्यार्थिनीने सगळी मापे पुन्हा मांडून नवा हिशेब केला होता. तिचे नाव लेखक म्हणून आले. विभागप्रमुख म्हणून कोणाचेही नाव घातले नाही. यावरून थोडी कुरबुर झाली, ती होऊ दिली.

शेवटी

सुधारलेला निबंध स्वीकारला गेला. शीर्षकातील ‘वाढ’ हा शब्द गेला आणि ‘ऋतुमानानुसार उतार : दोन गावांची तुलना’ असे साधे नाव आले. मुद्रिते दोन दिवसांत तपासून द्यावी लागली. त्यातही एका तक्त्यात दशांश चिन्ह सरकलेले सापडले.

एक काम उरले होते. त्या ग्रामसभेत मी पुन्हा गेलो आणि परसभर पाण्याचे बोलणे परत घेतले. बांधांचा उपयोग दिसतो, पण मी सांगितला तेवढा नाही, आणि तोही दोन गावांवरून ठामपणे सांगता येत नाही, असे म्हणालो. सभेत शांतता पसरली. मग मागून एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “सर, तुमची पोरं कठड्यावरनं टेप सोडत होती, ते आम्ही पाहिलं होतं. पण शिकलेल्या माणसाला कसं सांगायचं?”

परीक्षकाला जे चार महिन्यांनी विचारावे लागले, ते त्या गृहस्थांना पहिल्याच दिवशी ठाऊक होते. मी विचारले नव्हते, एवढेच. विद्यार्थी मित्रहो, आपले हस्तलिखित पाठविण्यापूर्वी ते परीक्षकाच्या नजरेने वाचा; पण त्याही आधी, ज्यांच्या विहिरीत आपण टेप सोडला त्यांना एकदा विचारा. आणि वहीत सगळे लिहून ठेवा. कठड्यावरून मोजले, तर कठड्यावरून असेच लिहा.