ताम्हिणीची एक दिवसाची सफर: पेट्रोल, टोल, पार्किंग आणि न सांगितलेले खर्च

पुण्यातून चांदणी चौक सोडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड, मुळशी आणि मग ताम्हिणी घाट. डोंगराच्या कुशीतून, धरणाच्या काठाने जाणारी ही वाट एका दिवसात आरामात होते. खर्च मात्र दोन कुटुंबांचा सारखा येत नाही. एकाला दोन हजारांत जमतं, तर तेवढ्याच रस्त्यावर दुसऱ्याचे सात हजार जातात. या फरकातला पेट्रोलचा वाटा लहान आहे. मोठा वाटा असतो आधी न विचारलेल्या गोष्टींचा.

पहिल्यांदा किती लांब जायचं ते ठरवा. घाटापर्यंत जाऊन त्याच वाटेने परतलात तर इकडंतिकडं धरून सुमारे १५० किलोमीटर होतात. दुसरा पर्याय वर्तुळाचा: घाट उतरून विळे, सुतारवाडीवरून कोलाड, तिथून मुंबई-गोवा महामार्गाने वाकण फाटा, पाली, खोपोली आणि लोणावळामार्गे पुणे. हे सुमारे २७० किलोमीटर. घाटात, चढावर आणि एसी लावून छोटी पेट्रोल गाडी लिटरला १२ ते १५ किलोमीटर देते. कंपनीचा आकडा इथे धरू नका. लिटरमागे १३ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर छोट्या सफरीला साधारण १,२०० आणि वर्तुळाला २,२०० रुपये लागतात. टाकी पौडच्या आधीच भरा, घाटात पंपावर विसंबू नका. हवाही तिथेच तपासून घ्या. पंपावर हवा मोफत असते, त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. मापाची शंका आली तर पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

चांदणी चौक ते घाट आणि परत या वाटेवर टोलनाका लागत नाही. वर्तुळ केलंत तर खोपोलीपासून पुढे टोल सुरू होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा मुंबई ते पुणे पूर्ण प्रवासाचा कारचा टोल एप्रिल २०२३ मध्ये ३२० रुपये झाला. खोपोलीहून चढलात तर पूर्ण रक्कम पडत नाही. फास्टॅगचा वार्षिक पास काढला असेल (१५ ऑगस्ट २०२५ ला तो ३,००० रुपयांत, २०० फेऱ्यांसाठी सुरू झाला) तर तो या द्रुतगती मार्गावर चालत नाही, इथे तुमच्या साध्या शिलकीतूनच पैसे कापले जातात. शिल्लक घरीच बघा. नाक्यावर रांगेत उभं राहून केलेला रिचार्ज कधी कधी वेळेत चढत नाही. राज्याच्या टोलनाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग नसेल तर दुप्पट पैसे द्यावे लागतात. राष्ट्रीय महामार्गांवर १५ नोव्हेंबर २०२५ पासून चालू टॅग नसला तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट असा नियम झाला.

मुंबईहून येणाऱ्यांनी पनवेल, पेण, कोलाडवरून घाट चढावा. वाशी, ऐरोली, मुलुंड आणि दहिसरचे नाके हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून मोफत आहेत. अटल सेतूने आलात तर कारला एका बाजूचे २५० रुपये. मुंबईकरांनी हे सगळं एका दिवसात बसवू नये. परतीचा घाट अंधारात येतो.

गाडी भाड्याची असेल तर

सगळ्यात जास्त पैसे इथेच सुटतात, म्हणून हा भाग नीट वाचा.

चालकासह टॅक्सी घेताना तुम्हाला किलोमीटरचा दर सांगितला जातो. सेडानला तो साधारण १२ ते १५ रुपये असतो. जे सांगितलं जात नाही ते असं: दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटरचं भाडं लागतं, तुम्ही १५० फिरलात तरीही. मोजणी तुमच्या दारापासून होत नाही, गॅरेजपासून गॅरेजपर्यंत होते. चालकाचा भत्ता वेगळा, रात्री दहानंतर रात्रीचा भत्ता पुन्हा वेगळा. टोल आणि पार्किंग तुमचं. वर ५ टक्के जीएसटी.

एक बिल मांडून बघू. दर १४ रुपये. वर्तुळाचे २७० आणि गॅरेजपर्यंतचे २० मिळून २९०, पण किमान ३०० लागू, म्हणजे ४,२००. चालकाचा भत्ता ४००. झाले ४,६००. त्यावर जीएसटी २३०. एकूण ४,८३०, टोल आणि पार्किंग सोडून. आता तुम्ही फक्त घाटापर्यंत जाऊन आलात असं धरा. अंतर जवळपास निम्मं, पण बिल तेच ४,८३०. म्हणून छोट्या सफरीला ‘आउटस्टेशन’ गाडी मागूच नका. तासांचं पॅकेज विचारा: बारा तास, ठरावीक किलोमीटर आणि त्यापुढे जादा दर. काहीजण मुळशीच्या पुढे हे पॅकेज देत नाहीत. मग दुसरीकडे विचारा. दर, किमान किलोमीटर, भत्ता, रात्रीची वेळ आणि जीएसटी या पाच गोष्टी व्हॉट्सअॅपवर लिहून घेतल्याशिवाय अॅडव्हान्स पाठवू नका.

स्वतः चालवायला भाड्याने घेतलेल्या गाडीची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची, ‘ओळखीतली’ गाडी दिवसाला पाचशे रुपयांनी स्वस्त पडते, आणि तिथेच मोठा धोका आहे. खासगी गाडी भाड्याने दिल्याचं उघड झालं तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि दुरुस्तीचा सगळा भार तुमच्यावर येतो. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

काळ्या प्लेटची गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, छप्पर, टायर, काचा, काट्यावरचं पेट्रोल आणि किलोमीटरचा आकडा यांचा सलग व्हिडिओ काढा. एका हाताने दार उघडून आतल्या सीटसुद्धा दाखवा, कारण पावसाळ्यात ‘सीटवर चिखल’ म्हणून धुलाईचे पैसे कापण्याची सवय आहे. तिथेच विचारून घ्या: किलोमीटरची मर्यादा किती, जादा किलोमीटरला किती, उशीर झाला तर तासाला किती, टोल कोणाच्या टॅगमधून जाणार, आणि नुकसान झालं तर तुमचा वाटा जास्तीत जास्त किती. शेवटचा आकडा करारात शोधा. तो सापडला नाही तर सही करू नका.

कागदपत्रं

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली प्रत चालते, पण घाटात नेटवर्क जातं, म्हणून ती आधी उघडून ठेवा. पीयूसीला पेट्रोल कारसाठी १२५ आणि डिझेलसाठी १५० रुपये असा दर २०२२ पासून आहे. पंपाशेजारच्या गाडीत दोनशे मागितले तर दरपत्रक दाखवायला सांगा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट हवी. कारसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे. नोंदणी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच करा, त्याच्यासारखी दिसणारी बनावट संकेतस्थळं पैसे घेऊन गप्प बसतात. विमा संपलेला असेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दारू पिऊन गाडी चालवली तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. यात घासाघीस करायला जागा नाही, आणि असूही नये.

पावसाळ्यात जात असाल तर विम्याची पॉलिसी उघडून एकच ओळ बघा: इंजिन संरक्षण आहे का. साध्या पॉलिसीत गाडी पाण्यात घातल्याने बंद पडलेल्या इंजिनाचा खर्च सहसा मिळत नाही. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. त्यानेच इंजिनात पाणी ओढलं जातं आणि बिल लाखाच्या घरात जातं.

कधी निघायचं, कधी निघायचंच नाही

शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम. नाहीच जमलं तर सकाळी सहाला चांदणी चौक मागे पडलेला हवा. आठनंतर भूगाव ते पिरंगुट रस्ता तुंबतो आणि त्या तासाभराचं पेट्रोल फुकट जळतं. परतताना चारच्या आत घाट सोडा.

पुणे शहराचा हवामान अंदाज इथे उपयोगाचा नाही. हवामान खातं पुण्याच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतं, तो बघा. २०२४ च्या जुलैअखेरीस ताम्हिणीत २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात एवढा पाऊस पडायला जवळपास अख्खा पावसाळा लागतो. लाल इशारा असेल तर बेत रद्द करा. बुकिंगचे पैसे गेले तर जाऊ द्या. धबधबे आणि धरणक्षेत्रांवर जिल्हाधिकारी पावसाळ्यात बंदी आदेश काढतात; भिऱ्याजवळच्या देवकुंडला तर वारंवार बंदी असते. बंदी असताना ‘मागच्या वाटेने नेतो, माणशी दोनशे’ असं सांगणारे भेटतात. त्या वाटेला पोलीस तर असतातच, पण पाणी अचानक वाढतं तेव्हा मागे फिरायला वाट उरत नाही. एक पैसाही देऊ नका.

आणखी एक. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याहून निघालेली एक गाडी या घाटातून दरीत कोसळली आणि त्यातले सहा तरुण गेले. गाडी नेमकी कुठे आहे ते कळायला दिवस गेले, शेवटी ड्रोनने शोध लागला. तेव्हा पावसाळा संपलेला होता. कोणत्या वाटेने जाता आणि किती वाजेपर्यंत परत याल, हे घरी एका माणसाला लिहून पाठवा. याला काही खर्च येत नाही.

वाटेवरची वसुली

घाटात गाडी थांबवली की कोणीतरी येऊन पार्किंगचे पन्नास किंवा शंभर मागतं. काही ठिकाणी ते रीतसर असतं, ग्रामपंचायतीचं किंवा वनविभागाचं, आणि त्या पैशांतून गावाची साफसफाई होते. ते आनंदाने द्या. ओळखायचं असं: छापील पावती, तिच्यावर ग्रामपंचायतीचं किंवा विभागाचं नाव, अनुक्रमांक आणि तारीख. कोऱ्या वहीतून फाडलेला कागद ही पावती नव्हे. ताम्हिणी अभयारण्याच्या हद्दीतल्या वाटांसाठी वनविभागाचं प्रवेशशुल्क असतं, तेही फक्त पावतीवर. वळणावर गाडी लावून फोटो काढणं मात्र फुकट दिसलं तरी महाग पडतं, कारण पोलीस तिथेच उभे असतात.

खाण्याचं म्हणाल तर मक्याचं कणीस आणि चहा यांचा दर आधी विचारा, धुक्यात तो वर चढतो. टपरीवरच्या बंद बाटलीला एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नाही. हॉटेलात बसून जेवलात तर बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आहे का ते बघा. तो सक्तीचा नाही, काढून टाकायला सांगा. जीएसटी मात्र द्यावा लागतो. मुळशीकाठी रात्री राहणार असाल तर दर खोलीचा की माणशी, मुलांचं किती, जादा गादीचं किती, चेक-इन किती वाजता, हे चारही विचारा. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे. जुन्या दराने १२ टक्के लावलेले दिसले तर बिल बदलून मागा.

नकाशाच्या जवळच्या वाटा

फोनवरचा नकाशा कधी कधी लोणावळ्याहून अँबी व्हॅली, भांबर्डेमार्गे ताम्हिणीला नेतो. वाट देखणी आहे, पण अरुंद, निर्जन आणि पावसाळ्यात खचलेली. वेळ वाचत नाही, टायर मात्र जातो. भोरहून महाडला उतरणारा वरंध घाट पावसाळ्यात बहुधा बंद असतो. तिकडून परतायचं ठरवलं असेल तर आधी चौकशी करा. घरूनच नकाशा उघडून ऑफलाइन साठवून ठेवा.

गाडी बंद पडली तर टोइंगवाल्याला हुक लावण्याआधी पूर्ण रक्कम विचारा, किलोमीटरचा दर नको. विम्यात रस्त्यावरची मदत असेल तर आधी तिथे फोन लावा. त्यातही किती किलोमीटरपर्यंत मोफत याला मर्यादा असते. जखमी असेल तर १०८, ही रुग्णवाहिका मोफत आहे. बाकी कशालाही ११२.

गाडी परत देताना पुन्हा तोच व्हिडिओ काढा आणि ‘नुकसान नाही’ असं तिथेच मेसेजवर लिहून घ्या. डिपॉझिट कधी येणार ती तारीखही. त्या तारखेला पैसे आले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. करार, दोन्ही व्हिडिओ आणि पैसे भरल्याची नोंद एवढं हाताशी ठेवा. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.