रिटर्नची मुदत संपली तरी पैसे मागता येतात

ऑनलाइन घेतलेली वस्तू बिघडली की कस्टमर केअरकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सर, आपका रिटर्न विंडो क्लोज हो चुका है." हे ऐकून फोन ठेवून देणारे कितीतरी जण मी आमच्या तळोद्यात पाहिलेत. मिक्सर माळ्यावर जातो, इअरफोन पोरांच्या खेळण्यात जातो आणि दोन-तीन हजारांसाठी कोण भांडत बसणार म्हणून विषय मिटतो. त्या सगळ्यांना मला एवढंच सांगायचंय की सात किंवा दहा दिवसांची ती मुदत कंपनीने ठरवलेली असते. रंग पसंत पडला नाही, माप बसलं नाही, अशा कारणांसाठी ती चालते. वस्तूच सदोष असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

माझं प्रकरण बॅटरीच्या फवारणी पंपाचं. आमच्याकडे पपई आहे. पावसाळ्यात मावा आणि पांढरी माशी आली की त्यांच्यामागून विषाणूजन्य रोग येतो आणि झाड हातचं जातं. पावसाने उघडीप दिली की त्याच दिवशी फवारणी उरकावी लागते. पंप तीन हजारांच्या आसपासचा. जाहिरातीत लिहिलं होतं, एका चार्जिंगमध्ये वीस ते पंचवीस टाक्या. पाण्यावर चालवून पाहिला तेव्हा धार चांगली होती. पण खरं काम सुरू झालं तेव्हा पाच-सहा टाक्यांतच धार मंदावायची, नोझलमधून तुषार पडायचे बंद होऊन नुसते थेंब गळायचे. पूर्ण चार्ज करूनही तेच. दोष असा कामाला लावल्यावरच कळतो आणि तोवर रिटर्नचं बटण गेलेलं असतं.

कस्टमर केअरला फोन केला तर आधी तेच रिटर्न विंडोचं वाक्य, मग म्हणाले, टेक्निशियन पाठवतो. पिनकोड सांगितला, 425413. पलीकडून उत्तर आलं, तुमच्या पिनकोडला सेवा उपलब्ध नाही, पंप सुरतच्या सर्व्हिस सेंटरला स्वखर्चाने पाठवा. याच पिनकोडवर खोकं दारात आणून द्यायला अडचण नव्हती! पैसे घेताना तळोदा नकाशावर असतं आणि दुरुस्तीच्या वेळी नसतं, ही गोष्ट मला फार लागली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, अक्कलकुवा-धडगावकडे तर हे नेहमीचंच आहे.

तिथून पुढे मी फोनवर बोलणं थांबवलं. हा सल्ला मी सगळ्यात आधी देतो. फोनवर दर वेळी नवा माणूस येतो, आपण पहिल्यापासून कहाणी सांगतो, तो "असुविधा के लिए खेद है" म्हणतो आणि नोंद मात्र कुठेच राहत नाही. त्यापेक्षा ई-मेल करा. ॲपमधल्या चॅटवर तक्रार केली असेल तर तिचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रार क्रमांक वहीत लिहा. फोन आलाच, तर ठेवल्यावर लगेच त्याच दिवशी मेल टाका की आज आपल्या प्रतिनिधीने मला असं असं सांगितलं.

पुरावा गोळा करण्यात जो वेळ जातो तो वाया जात नाही. मी जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट काढले, कारण विक्रेते मजकूर बदलतात. बिल डाउनलोड केलं. पंपाचा अनुक्रमांक, खोक्यावरचं लेबल आणि चार्जर यांचे फोटो घेतले. व्हिडिओ एकाच सलग चित्रणात केला. आधी चार्जरचा हिरवा दिवा, मग मोबाइलवरची वेळ, मग भरलेल्या टाक्या एकामागून एक, आणि शेवटी मेलेली धार. शेजारचे भाऊ म्हणत होते, खालचे स्क्रू काढून बॅटरी बघू. मी हात लावू दिला नाही. सील तुटलं की कंपनीला आयतं कारण मिळतं. चार्जरच्या फोटोचा उपयोग तर लगेच झाला. "तुमच्याकडे व्होल्टेज कमी असेल," असं उत्तर आलं तेव्हा मी तो फोटोच पाठवला. चार्जरवर त्यांच्याच अक्षरात छापलेलं होतं, इनपुट 100 ते 240 व्होल्ट. तो मुद्दा पुन्हा निघाला नाही.

पुढचा आक्षेप शेतकऱ्यांनी नीट समजून घ्यावा असा आहे. मेल आला की पंपाचा वापर व्यावसायिक कामासाठी झाला, म्हणून वॉरंटी लागू नाही. आपल्याकडे बरेच जण इथेच गार पडतात. पण कायद्यातल्या ग्राहकाच्या व्याख्येतच स्पष्ट केलेलं आहे की स्वतःच्या रोजगारातून उपजीविका करण्यासाठी एखाद्याने वस्तू घेऊन स्वतः वापरली, तर तो व्यावसायिक हेतू धरला जात नाही. शिलाई मशीनवर पोट भरणारी बाई ग्राहक आहे आणि स्वतःच्या शेतात पंप पाठीवर घेणारा शेतकरीही ग्राहक आहे. राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली बियाणं विकत घेणाऱ्या शेतकऱ्यांना ग्राहक मानलेलं आहे. मी मेलमध्ये व्याख्येचं कलम 2(7) नुसतं नमूद केलं.

आता दाद कोणाकडे मागायची ते सांगतो. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे प्रत्येक संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, पद, संपर्क तिथे जाहीर करावा लागतो. पान अगदी तळाशी सरकवलं की ते सापडतं. या अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. त्याच नियमांत असंही आहे की वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. माझ्या मेलचा सगळा भार मी याच वाक्यावर टाकला होता. "पंप चांगला नाही" असं न लिहिता "जाहिरातीत वीस ते पंचवीस टाक्या, प्रत्यक्षात पाच-सहा" असं लिहिलं. मेल विक्रेता आणि संकेतस्थळ दोघांनाही एकदमच पाठवावा. नाहीतर संकेतस्थळ म्हणतं आम्ही फक्त मध्यस्थ, विक्रेता म्हणतो संकेतस्थळाशी बोला, आणि आपण दोघांच्या मध्ये लटकतो. विक्रेत्याचं नाव-पत्ता बिलावर असतो.

त्याच सुमारास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येतं आणि हेल्पलाइनच्या संकेतस्थळावरही तक्रार टाकता येते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, ती तक्रार कंपनीपुढे मांडते आणि तिच्याकडून उत्तर मागते. तरी या नोंदीचं वजन पडतं. कंपनीची भाषा बदलते, हे मी स्वतः पाहिलं. सोबत विक्रेता आणि संकेतस्थळ दोघांना स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. त्यासाठी वकील लागत नाही. काय घेतलं, कधी घेतलं, दोष काय, किती रक्कम हवी आणि पंधरा दिवसांत न दिल्यास ग्राहक आयोगात जाईन, एवढं साध्या मराठीत लिहिलं तरी पुरतं. पोस्टाची पावती जपून ठेवायची.

माझं काम आयोगात जाण्याआधीच झालं. पण जायची वेळ आली असती तर बंगळूर किंवा गुरुग्रामची वाट धरावी लागली नसती. 1986 च्या जुन्या कायद्यात साधारणपणे विरुद्ध पक्षाचं ठिकाण किंवा जिथे कारण घडलं ते ठिकाण पाहिलं जायचं. 2019 च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करायची मुभा दिली. म्हणजे आपल्याला हातोड्याचा पूल ओलांडला की नंदुरबार. तेवढंही जायचं नसेल तर ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओवर मागता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. किमतीबरोबर नुकसानभरपाई आणि खर्चही मागता येतो, मात्र पिकाचं नुकसान पंपामुळेच झालं हे सिद्ध करणं अवघड असतं, म्हणून मागणी जपून लिहावी. कायद्यात निकालासाठी तीन महिन्यांचं, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांचं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे मनात धरूनच जावं.

या सगळ्या धावपळीत एक धोका दबा धरून बसलेला असतो. कंपनीच्या समाजमाध्यमावरच्या पानाखाली मी तक्रार लिहिली आणि थोड्याच वेळात 'रिफंड विभागा'तून फोन आला. अतिशय गोड भाषा. एक ॲप उतरवा, मग यूपीआय पिन टाका, पैसे लगेच जमा होतील. मी तिथेच फोन कापला. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, तो पैसे देताना लागतो. अडलेला माणूस घाईत असतो आणि हे लोक नेमके त्याच्याच मागावर असतात. गूगलवर शोधून सापडलेल्या कस्टमर केअर नंबरवर कधीही फोन करू नका, तो ॲपमधूनच घ्या. आपला मोबाइल नंबर किंवा ऑर्डर क्रमांक उघड्यावर लिहू नका. कोणी फसलंच तर क्षणभरही न थांबता 1930 वर कळवा. पैसे पुढे सरकण्याआधी कळवलं तर ते गोठवता येतात.

शेवटी कंपनीने पूर्ण रक्कम द्यायचं कबूल केलं. त्याआधी कूपन देऊ केलं होतं, ते मी घेतलं नाही. कूपन घेऊन पुन्हा त्यांच्याकडूनच खरेदी करायची असते, आणि मला पंप गावातल्या दुकानातून घ्यायचा होता. पंप न्यायला कुरिअरचा मुलगा आला तेव्हा घाईत होता. पावती नंतर मेसेजवर येईल म्हणाला. मी त्याला बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, दादा, पावती हातात पडल्याशिवाय खोकं देणार नाही. परत पाठवलेली वस्तू आमच्यापर्यंत पोचलीच नाही, किंवा दुसरीच आली, असं ऐकायला लागलेले लोक आमच्याच गल्लीत आहेत. खोकं त्याच्यासमोर भरलं, अनुक्रमांक दिसेल असा व्हिडिओ काढला, त्याने पावतीवर तारीख आणि सही केली. रक्कम ज्या खात्यातून गेली होती त्याच खात्यात परत आली. डिलिव्हरीच्या वेळी रोख दिलेल्यांना मात्र बँक खातं वेगळं द्यावं लागतं. ते ॲपमध्येच भरा, फोनवर कुणालाही सांगू नका.