अनवाणी व्यायाम : खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

अनवाणी व्यायामाला दमडीही लागत नाही असे सांगितले जाते. सुरुवातीपुरते ते खरे आहे. पण घाई करून पाऊल दुखावले, तर एमआरआय आणि फिजिओथेरपीच्या बिलात चांगले बूट सहज येतात. म्हणून आधी हिशेब समजून घ्या.

एका पावलात २६ हाडे असतात आणि त्यांना पेलून धरणारे लहान लहान स्नायूही. जाड, मऊ तळाच्या बुटात या स्नायूंना फारसे काम उरत नाही. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा महिने रोजच्या वापरात पातळ तळाचे बूट घालणाऱ्यांच्या बोटांची ताकद सरासरी ५७ टक्के वाढलेली आढळली. उतारवयात तोल सांभाळायला हीच बोटे कामी येतात. आपल्याकडे तालमीतले जोर-बैठका, मल्लखांब, सूर्यनमस्कार अनवाणीच होत आले आहेत. त्यामुळे नवे काही विकत घेण्याआधी तेच सुरू करा.

जागा घरातली. कोरडी फरशी पुरते. रोज दहा मिनिटे बोटे फाकवणे, चवड्यांवर उठणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे आणि सावकाश बैठका, एवढ्यावर पहिला महिना काढा. मॅट हवीच असेल तर ४ ते ६ मिलिमीटर जाडीची घ्या. साधारण ५०० ते १,२०० रुपयांत बरी मिळते. त्याहून जाड, गुबगुबीत मॅट महाग असते आणि तोलाच्या व्यायामाला वाईट, कारण पाऊल तिच्यात रुतते. सतरंजी फरशीवर सरकते, ती नको.

मैदानात किंवा बागेत जाणार असाल तर धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवा. दहा वर्षे उलटली असतील तर डॉक्टरांना विचारून बूस्टर घ्या. खासगी दवाखान्यात फीसह काही शे रुपयांत काम होते. उघड्यावर शौच होणाऱ्या ओल्या मातीत अनवाणी पाय टाकू नका; अंकुशकृमी तळव्याच्या कातडीतूनच शरीरात शिरतो.

मधुमेह असणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगतो, तपासणीशिवाय चप्पल काढू नका. तळव्याची संवेदना गेली असेल तर खडा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. डॉक्टर नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून संवेदना पाहतात, काही मिनिटांचे काम आहे. शहरात तज्ज्ञांची फी साधारण ५०० ते १,००० रुपये. सरकारी रुग्णालयात नाममात्र. या लेखातला सर्वांत मोलाचा खर्च हाच.

जिमचे वर्षाचे पैसे भरण्याआधी अनवाणी व्यायाम चालतो का ते विचारा. वजन पायावर पडण्याच्या भीतीने अनेक ठिकाणी बंदी असते, आणि भरलेली फी सहसा परत मिळत नाही. बैठका किंवा डेडलिफ्ट मारताना पाय जमिनीवर सपाट राहिला तर आधार पक्का मिळतो, हे खरे. परवानगी नसेल तर सपाट, कडक तळाचे साधे कॅनव्हासचे बूट पुरतात. सामाईक न्हाणीघरात मात्र चप्पल घाला आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, नाहीतर चिखल्या होतात.

धावणे ही वेगळी गोष्ट. धावण्याचे बूट ५,००० रुपयांचे आणि ६०० किलोमीटर टिकणारे धरले, तर किलोमीटरला आठ-साडेआठ रुपये पडतात. ते वाचवावेत असे कुणालाही वाटेल. पण सवयीने अनवाणी धावणारा बहुधा चवड्यावर किंवा पावलाच्या मध्यावर उतरतो. त्यामुळे ताण टाचेकडून पोटरीवर आणि चवड्याच्या हाडांवर येतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धावपटूंनी दहा आठवड्यांत पातळ बुटांकडे वळायचे होते. तसे वळलेल्या १९ पैकी १० जणांच्या पावलाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. नेहमीचे बूट वापरणाऱ्या १७ जणांत असा एकच निघाला. म्हणून आधी काही महिने अनवाणी चाला, मग नेहमीच्या धावण्याच्या शेवटी दोन-तीन मिनिटे गवतावर धावा, आणि पुढची वाढ आठवड्याने.

आता पातळ तळाचे ‘बेअरफूट शूज’. आपल्या बाजारात साधारण तीन हजारांपासून दहा हजारांच्या पुढेही किंमती जातात. ‘फाइव्ह फिंगर्स’ नावाचे असे बूट बनवणाऱ्या व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत दावा झाला होता : स्नायू मजबूत होतात, दुखापत टळते या जाहिरातीला पुरेसा पुरावा नाही. २०१४ साली कंपनीने चूक मान्य न करता ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली. तेव्हा जाहिरात बाजूला ठेवून तीनच गोष्टी पाहा : पुढे बोटे मोकळी पसरतात का, तळ हाताने दुमडतो का, टाच आणि चवडा एकाच उंचीवर आहेत का.

माझे मत स्पष्ट आहे : पहिल्या तीन महिन्यांत मॅट, लस आणि गरज असेल तर पायांची तपासणी, यापलीकडे एक रुपयाही घालू नका. पावलाच्या वरच्या हाडावर बोट दाबले की ठरावीक जागी कळ येत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.