टोकियोत पत्रकाराला ओळखी जोडायला किती खर्च येतो?

टोकियोला निघालेल्या तरुण पत्रकारांचे फोन येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: ‘ताई, तिथल्या परदेशी पत्रकारांच्या क्लबचं सदस्यत्व आधीच घेऊन ठेवू का?’ माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिले तीन महिने नको. तो पैसा दुभाष्यावर घाला, उरला तर कॉफीवर. तुम्हाला कोणीतरी कोणाकडे तरी नेल्याशिवाय टोकियोत कामाची माणसं भेटत नाहीत, आणि नेणारा माणूस क्लबात वर्गणी भरून मिळत नाही.

पुढचा हिशेब पुण्या-मुंबईतल्या एखाद्या माध्यमाशी करार करून एकट्याने जाणाऱ्या पत्रकारासाठी आहे. मोठ्या वृत्तसंस्थेचं कार्यालय पाठीशी असेल, तर यातलं निम्मं ते कार्यालयच करून देतं. शंभर येनला साठ रुपयांच्या आसपास धरा. घरभाडं आणि विमान यात धरलेलं नाही.

आधी कागद. बातमीदारीच्या कामासाठी जपानमध्ये वेगळा निवास-दर्जा आहे. परदेशी माध्यमाशी झालेल्या करारावर तो मिळतो. मुदत तीन महिने, एक, तीन किंवा पाच वर्षं. मुक्त पत्रकारालाही तो मिळू शकतो, पण करार हातात हवा. ‘तू पाठव, आम्ही छापू’ हा संपादकाचा तोंडी शब्द तिथे चालत नाही. काम काय, मानधन किती, मुदत केवढी, हे लेटरहेडवर सहीशिक्क्यासह लिहून घ्या. व्हिसाच्या आधी लागणाऱ्या पात्रता-प्रमाणपत्राला सरकारी शुल्क नाही. एजंटाकडून अर्ज करून घेतला, तर लाखभर येनही जाऊ शकतात. शक्य असेल तर अर्ज स्वतः भरा आणि ते पैसे वाचवा.

तिथे पोचल्यावर त्याच कराराच्या जोरावर परराष्ट्र मंत्रालयाच्या परदेशी पत्रकार नोंदणी कार्डासाठी अर्ज करायचा. बहुतेक मंत्र्यांच्या पत्रकार परिषदा मंगळवारी आणि शुक्रवारी, मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर होतात. तिथे बसायला परदेशी पत्रकाराला या कार्डाचा मोठा आधार असतो. पूर्वी ही दारं जवळपास बंदच होती. जपानमध्ये प्रत्येक मंत्रालयात, पोलिस मुख्यालयात ‘किशा क्लब’ असतो, म्हणजे तिथे नेमलेल्या बातमीदारांचं मंडळ. ही पद्धत १८९० पासूनची, पहिली संसद भरली तेव्हाची. बातमी आधी त्यांना मिळे, बाकीच्यांना दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. २००२ मध्ये युरोपीय संघाने ही पद्धतच बंद करा अशी मागणी केली होती. २००९ मध्ये परराष्ट्रमंत्री कात्सुया ओकादा यांनी आपल्या परिषदा मुक्त आणि इंटरनेटवरच्या पत्रकारांनाही खुल्या केल्या. तरी आजही परिषद संपल्यावर अधिकारी ज्याच्याशी दोन शब्द बोलतो, तो त्या मंडळातलाच असतो. म्हणून परिषदेला जा, प्रश्न विचारा, पण ओळख तिथे होईल या आशेवर राहू नका.

ओळखीची सुरुवात व्हिजिटिंग कार्डाने होते. कार्डं पुण्यातून छापून नेऊ नका. तिथलं कार्ड ९१ बाय ५५ मिलिमीटरचं असतं, आणि त्या मापाच्या डबीत आपलं वेगळ्या मापाचं कार्ड नीट बसत नाही. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला जपानी आणि नावाचा उच्चार काताकाना लिपीत. शंभर कार्डांना हजार ते तीन हजार येन पडतात. शंभर पुरतात असं वाटतं, पण एका मोठ्या कार्यक्रमातच तीस संपतात, आणि ‘माझी कार्डं संपली’ हे तिथे फार ओशाळवाणं वाक्य आहे.

कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं-घ्यायचं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. मला जे ठाऊक नव्हतं ते मी एका प्राध्यापकांसमोर शिकले. त्यांनी दिलेल्या कार्डावर मी भेटीची तारीख लिहिली, पाठ कोरी होती म्हणून. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. फक्त टेबलावर समोर ठेवलेलं माझं कार्ड त्यांनी बोटाने हलकेच सरळ केलं आणि बोलणं पाच मिनिटांत आवरतं घेतलं. माणसाचं कार्ड म्हणजे त्याचा चेहरा; त्याच्यादेखत त्यावर काही लिहीत नाहीत. तारीख घरी येऊन वहीत लिहावी.

कार्डाइतकाच जरुरीचा जपानी मोबाइल नंबर. नुसत्या डेटाच्या सिमवर नंबर मिळत नाही आणि नंबराशिवाय कोणी परत फोन करत नाही. बोलणं आणि डेटा मिळून महिन्याला एक ते तीन हजार येन.

आता कॉफी. घराबाहेर बसून बोलायला टोकियोत जुन्या वळणाची किस्सातेन आहेत, आपल्या इराण्याच्या हॉटेलाची आठवण व्हावी अशी, फक्त खुर्च्या गादीच्या आणि आवाज दबलेला. ‘रेनोआर’ नावाची साखळी कामाच्या भेटींसाठीच प्रसिद्ध आहे. कॉफीला सहाशे-आठशे येन पडतात, ते आपल्या खिशाला जड वाटतात. पण कॉफी संपून थोडा वेळ गेला की वेटर न सांगता हिरवा चहा आणून ठेवतो, त्याचे पैसे नाहीत. ‘बसा अजून’ असंच जणू तो चहा सांगतो. त्या चहानंतरच समोरचा माणूस खरं बोलायला लागतो, हे मी अनेकदा पाहिलं. पाच मिनिटांत उठायला लावणाऱ्या गर्दीच्या स्वस्त दुकानात हे होत नाही. भेटीला बोलावणारी तुम्ही असाल, तर बिल तुम्ही भरा. दोघांचे चौदाशे धरले तर पंचवीस भेटींचे ३५,००० येन.

ओळख करून देणं याला जपानीत ‘शोकाई’ म्हणतात. शोकाईला एक येनही लागत नाही, पण देणारा स्वतःची अब्रू तारण ठेवतो. तुम्ही उशिरा गेलात, आगाऊ प्रश्न विचारलात, बोलण्यातलं न विचारता छापलंत, तर बोल त्याला लागतो. म्हणून भेट झाली की त्याच रात्री दोघांनाही मेल करा: भेटलेल्याला आभाराचा, ओळख करून देणाऱ्याला काय बोलणं झालं त्याचा. लेख छापून आला की तोही दोघांना पाठवा. मराठीत असेल तर चार ओळींचा गोषवारा इंग्रजीत द्या. हे ज्याने केलं नाही त्याला दुसरी शोकाई मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही.

कोणाच्या कार्यालयात पहिल्यांदा जाताना मिठाईचा छोटा डबा न्यावा, हजार-दोन हजार येनचा. इथून जाताना सुट्या बांधणीची चिक्की नेली तर तीही चालते, आणि तिच्यावरून बोलणं सुरू होतं. सरकारी अधिकाऱ्यांना मात्र भेटवस्तू देऊ नका. त्यांना घेता येत नाही, उगाच पंचाईत होते. आणि तज्ज्ञ, प्राध्यापक यांना तिथल्या माध्यमांकडून मुलाखतीचं मानधन घेण्याची सवय असते. आपण मुलाखतीचे पैसे देत नसू, तर वेळ मागतानाच तसं स्पष्ट लिहावं. नंतर सांगणं म्हणजे फसवल्यासारखं होतं.

संध्याकाळी इझाकायात, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या दुकानात, बसणं हा कामाचाच भाग आहे. माणशी तीन ते पाच हजार येन. बसताच वाटीभर काहीतरी न मागता येतं, त्याचे तीनशे-पाचशे बिलात लागतात. त्यावरून वेटरशी वाद घालू नका, ती बसण्याची पट्टी आहे. टिप नसते. बिल बहुधा सगळ्यांत सारखं वाटलं जातं, तुम्ही दारू घेतली नसली तरी. मांस-मासे खात नसाल तर बोलावणाऱ्याला दोन दिवस आधी सांगा, आयत्या वेळी सांगितलंत तर त्याला दुकान बदलावं लागतं.

सगळ्यात मोठा खर्च दुभाष्याचा, आणि तिथेच हात आखडता घेऊ नये. व्यावसायिक दुभाषी अर्ध्या दिवसाचे, म्हणजे चार तासांचे, वीस ते चाळीस हजार येन घेतो. भेट तासाभराची असली तरी आकार अर्ध्या दिवसाचाच. तेव्हा एकाच दिवशी, एकाच भागातल्या दोन भेटी ठेवा. ठरवताना रद्द करण्याची अट नीट वाचा. माझी एक मुलाखत समोरच्याने आदल्या संध्याकाळी रद्द केली आणि एजन्सीने पूर्ण आकार लावला. अट कागदावर होती, मी शेवटचं पान वाचलं नव्हतं. वेळ वाढला तर किती, प्रवासखर्च कोणाचा, हेही आधी विचारा.

मराठी विद्यार्थ्याकडून हेच काम स्वस्तात होतं. टोकियोचं किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून ताशी १,२२६ येन आहे. त्याच्या दुप्पट द्या. पुण्यात जपानी शिकलेली मुलं हे काम छान करतात. मात्र विद्यार्थी-व्हिसावर बाहेरच्या कामाची परवानगी घ्यावी लागते आणि मर्यादा आठवड्याला २८ तासांची, म्हणून परवानगी आहे ना हे विचारून घ्या, नाहीतर अडचणीत तो येतो, तुम्ही नाही. साध्या भेटींना विद्यार्थी, पण ज्या मुलाखतीत एकेक शब्द तोलून घ्यायचा तिथे व्यावसायिकच हवा.

टोकियोतलं फॉरेन प्रेस सेंटर जपान ही संस्था १९७६ पासून परदेशी पत्रकारांसाठीच चालते. वृत्तपत्रांची संघटना आणि उद्योगांची संघटना यांनी मिळून ती उभी केली. तज्ज्ञांच्या माहितीसभा तिथे होतात, मुलाखतीसाठी माणूस शोधायला मदत मिळते. शिवाय गावोगावचे दौरे असतात. पंधरा-वीस हजार येनमध्ये प्रवास, मुक्काम, जेवण होऊन जातं. तुलनेसाठी सांगते, टोकियो ते ओसाका बुलेट ट्रेनचं एका बाजूचं तिकीटच साडेचौदा हजारांच्या घरात आहे. पण मला दौऱ्याचं मोल वेगळं वाटतं: बसमध्ये शेजारी बसलेले इतर देशांचे बातमीदार. त्यांच्याशी झालेली मैत्री टिकते.

क्लबाबद्दल वाईट मत करून घेऊ नका. फॉरेन करस्पॉन्डन्ट्स क्लब ऑफ जपान १९४५ चा आहे, आता मारुनोउचीत. ऑक्टोबर १९७४ मध्ये पंतप्रधान काकुएई तानाका यांना त्यांच्या संपत्तीबद्दल परदेशी बातमीदारांनी इथेच सरळ प्रश्न विचारले, आणि त्या वर्षाअखेर ते पायउतार झाले. एका मासिकाने सगळं छापलेलं असूनही मोठी जपानी वृत्तपत्रं तोवर गप्प होती. अशा जागेचं सदस्यत्व अभिमानाचं आहे. फक्त प्रवेशशुल्क आणि मासिक वर्गणी दोन्ही लागतात, आणि पत्रकार व बिगरपत्रकार सदस्यांचे दर वेगळे असतात. आधी एखाद्या सदस्याचे पाहुणे म्हणून दोन-तीनदा जाऊन या.

आपल्या माणसांकडे जरूर जा. एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत भारतीयांची मोठी वस्ती आहे. याच वॉर्डाच्या परिषदेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते पहिले मूळ भारतीय. टोकियो मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एका दुपारी जेवढे अभियंते, बँकवाले, दुभाषी भेटतील तेवढे महिनाभर हिंडून भेटणार नाहीत. त्यांचे जपानी सहकारी म्हणजे तुमची पहिली शोकाई. पण दर रविवार तिथेच घालवलात तर जपानी बोलायला जीभ वळणार नाही.

तीन महिन्यांची बेरीज अशी: कार्डं ३,०००, फोन ९,०००, कॉफी ३५,०००, बारा संध्याकाळी ४८,०००, मिठाई १५,०००, शहरातला प्रवास २४,०००, एक दौरा १८,०००, आणि दुभाष्याचे पाच अर्धे दिवस १,५०,०००. एकूण ३,०२,००० येन, म्हणजे सुमारे एक लाख ऐंशी हजार रुपये. संपादकाशी करार करतानाच हा आकडा पुढे ठेवा; दुभाष्याचा निम्मा खर्च तरी माध्यमाने उचलावा, असा आग्रह धरा.

वर्षअखेरीस आणखी एक खर्च येतो. नव्या वर्षाच्या शुभेच्छांचं पोस्टकार्ड, ‘नेंगाजो’, पाठवण्याची पद्धत कमी होत चालली आहे, पण वडीलधाऱ्या माणसांना त्याचं फार अप्रूप. एका कार्डाला ८५ येन टपाल. २५ डिसेंबरपर्यंत पेटीत टाकलं तर एक जानेवारीला बरोबर पोचतं. नाव हाताने लिहा. ज्यांच्या घरी त्या वर्षी कोणी गेलं असेल, ते नोव्हेंबर-डिसेंबरात तसं कळवतात. त्यांना हे कार्ड पाठवायचं नाही. त्यांच्यासाठी सात जानेवारीनंतर थंडीत ख्यालीखुशाली विचारणारं साधं कार्ड असतं, त्यालाही टपाल तेवढंच.