वेशीत बसणारे वडील

शास्त्रपाठ : गणना ११:१०-३०, अनुवाद २१:१-९, यहेज्केल ८:७-१२

मंडळीच्या निवडणुकीची वेळ जवळ आली की वडील कोणाला निवडावे, ही चर्चा सुरू होते. कोण शिकलेला आहे, कोणाच्या शब्दाला वजन आहे, कोणाचे घराणे मंडळीत जुने आहे, याचा विचार होतो. परंतु वडील म्हणून निवडलेल्या माणसाने नेमके करावयाचे काय, याविषयी फारसे बोलणे होत नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण प्राचीन इस्राएलाच्या वडिलांकडे वळू या. कारण आपल्या मंडळ्यांतील वडिलांच्या पदाचे मूळ तेथे आहे.

जुन्या करारात ज्या इब्री शब्दासाठी आपण 'वडील' म्हणतो, तो शब्द 'झाकेन'. दाढी या अर्थाच्या 'झाकान' शब्दाशी त्याचे नाते आहे. मुळात प्रौढ वयाचा वाचक असलेला हा शब्द पुढे पदाचा वाचक झाला. यहुद्यांनी आपल्या शास्त्राचा ग्रीक अनुवाद केला, तेव्हा त्यासाठी 'प्रेस्बुतेरॉस' हा शब्द योजला, आणि नव्या करारात मंडळीच्या वडिलांसाठी तोच आला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये पाळकांना 'प्रेस्बिटर' म्हणतात, ते नाव याच शब्दावरून आले आहे.

मराठीत 'वडील' म्हटले की प्रथम बाप आठवतो. त्यामुळे 'नगराचे वडील' हे शब्द ऐकणारा क्षणभर अडखळतो, हा भाषांतरकारांचा नेहमीचा अनुभव. तरीही हा शब्द टाकून द्यावा असे वाटत नाही. आपल्या भाषेत वडीलकी मिरवताही येते आणि निभावताही येते. पवित्र शास्त्रातील वडिलांचा सारा इतिहास या दोन क्रियापदांत सामावलेला आहे.

१. ओझे वाहणारे

गणना ११ मध्ये मोशे थकलेला दिसतो. लोक मांसासाठी रडत आहेत आणि तो परमेश्वराला विचारतो की, दाई तान्ह्या मुलाला उराशी धरून नेते तसे या लोकांना मी एकट्याने कसे न्यावे? त्यावर परमेश्वर त्याला सत्तर वडील दर्शनमंडपाजवळ जमा करावयास सांगतो.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली ही की, जे लोकांचे वडील व अंमलदार आहेत हे मोशेला आधीपासूनच ठाऊक आहे, अशांनाच निवडावयाचे आहे (११:१६). नेमणुकीने ते वडील झाले नाहीत. ते वडिलांचे काम करीत होते म्हणून त्यांची नेमणूक झाली. दुसरी गोष्ट नेमणुकीच्या हेतूची. मोशेचा मान त्यांना वाटून मिळावा म्हणून आत्मा देण्यात आला नाही, तर लोकांचा भार त्यांनी त्याच्याबरोबर वाहावा म्हणून देण्यात आला (११:१७). मोशेच्या तक्रारीत जे 'ओझे' आहे, तेच या वचनात पुन्हा येते. वडिलांच्या वाट्याला आली ती खुर्ची नव्हे, तर ओझ्याची एक बाजू.

एलदाद व मेदाद छावणीतच राहून संदेश देऊ लागले, तेव्हा त्यांना मना करावे असे यहोशवाला वाटले. मोशेला मात्र मत्सर वाटला नाही; परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे व्हावेत, असे तो म्हणाला. ज्याला ओझे वाहणे ठाऊक आहे, त्याला आणखी खांदे मिळाल्याचे दुःख होत नाही.

२. उघड्यावर बसणारे

इस्राएल कनान देशात स्थिरावल्यावर वडिलांची जागा ठरली ती नगराची वेस. आजच्या तेल दान येथील उत्खननात प्राचीन दान नगराच्या वेशीजवळ दगडी बाक सापडले आहेत. शेतावर जाणारा, पाणी आणणारी, व्यापारी, परका, भिकारी, सर्वांचा रस्ता वेशीतूनच. आपल्याकडील चावडीप्रमाणे तेथे न्याय होई; परंतु तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत होई.

बवाजाने रूथ व नामीच्या वतनाचा प्रश्न वेशीत दहा वडिलांना बसवूनच मिटविला. विधवेचा हक्क घरातल्या कुजबुजीत राहिला नाही. तो सर्वांच्या साक्षीने उच्चारला गेला (रूथ ४:१-११). हातून चुकून मनुष्यवध झालेला माणूस शरणपुरास पळून गेला, तर त्यानेही वेशीजवळ उभे राहून आपले म्हणणे तेथल्या वडिलांना ऐकवावयाचे होते (यहोशवा २०:४). ईयोब वेशीत बसत असे त्या दिवसांची आठवण काढताना सांगतो की, ज्याला आपण ओळखतही नव्हतो त्याच्या वादाचीही आपण चौकशी करीत असू (ईयोब २९:१६). वेशीत बसण्याचे सार्थक यात होते.

३. अंतर मोजणारे

अनुवाद २१ मधील विधी आज वाचताना विचित्र वाटतो. रानात एखाद्याचे प्रेत सापडले आहे. मारणारा कोण, ते कळत नाही. अशा वेळी वडील व न्यायाधीश यांनी जाऊन प्रेतापासून भोवतालच्या नगरांपर्यंतचे अंतर मोजावयाचे. जे नगर सर्वांत जवळ निघेल, तेथील वडिलांनी जिला कधी कामाला जुंपले नाही अशी कालवड वाहत्या पाण्याच्या, न नांगरलेल्या खोऱ्यात नेऊन तिची मान मोडावयाची. मग तिच्यावर हात धुऊन, हे रक्त आमच्या हातांनी पाडले नाही व आमच्या डोळ्यांनी ते पाहिले नाही असे सांगून, त्यांनी लोकांसाठी क्षमा मागावयाची.

इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या यहुदी ग्रंथात यावर मार्मिक विवेचन आहे. वडिलांनी खून केला असेल असे कोणाच्या मनात तरी येईल काय, असा प्रश्न तेथे केला आहे. उत्तर असे की, या माणसाला आम्ही अन्न न देता वाटेला लावले नाही आणि सोबतीवाचून जाऊ दिले नाही, एवढे त्या वडिलांना सांगता आले पाहिजे. म्हणजे खून केला नाही एवढ्याने त्यांची सुटका होत नाही. आपल्या वेशीतून एक माणूस उपाशी आणि एकटा निघून गेला काय, याचे उत्तर त्यांनी द्यावयाचे आहे.

येथे मला स्वतःची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी एका मंडळीत वडील असताना, नोकरीसाठी परगावाहून आलेला एक गृहस्थ वर्षभर उपासनेला येत होता. तो मागच्या बाकावर बसे आणि आशीर्वाद होताच निघून जाई. एके दिवशी तो भाड्याच्या खोलीत मरण पावल्याचे कळले. आम्ही वडील जमलो. पहिला प्रश्न निघाला तो, त्याचे नाव आपल्या यादीत आहे काय? नव्हते. मग त्याचा दफनविधी कोणत्या मंडळीने करावा, यावर आम्ही पाऊण तास बोललो. मीही बोललो. अखेर दफन आमच्याच दफनभूमीत झाले. परंतु त्या रात्री मला अनुवाद २१ आठवले आणि झोप आली नाही. इस्राएलाचे वडील अंतर मोजत, ते सर्वांत जवळचे कोण हे ठरविण्यासाठी. आम्ही अंतर मोजले, ते आपण दूर आहोत हे दाखविण्यासाठी. तो वर्षभर येत असताना त्याला जेवावयास बोलावले होते काय, असे त्या पाऊण तासात कोणीही विचारले नाही.

४. वडील चुकतात तेव्हा

वडिलांची चूक शास्त्र झाकून ठेवीत नाही. बेन-हदादाची मागणी मान्य करू नये, असे देशाच्या वडिलांनी अहाब राजाला तोंडावर सांगितले होते (१ राजे २०:८). पुढच्याच अध्यायात ईजबेलीची पत्रे इज्रेलच्या वडिलांकडे येतात. पत्रांवर राजाची मोहोर आहे. खोटे साक्षीदार उभे राहतात आणि नाबोथाला दगडमार होतो. एका वडिलाने तरी विरोध केला, अशी नोंद नाही. काम झाल्याचा निरोप तेवढा त्यांनी तत्परतेने पाठविला.

इ.स.पू. ५९२ मध्ये यहेज्केलाला दृष्टांतात जे दिसले ते याहूनही भयंकर. भिंतीला भोक पाडून तो आत गेला, तो इस्राएलाचे सत्तर वडील अंधारात मूर्तींपुढे धूप जाळीत होते आणि परमेश्वर आपल्याला पाहत नाही असे म्हणत होते. संख्या सत्तरच, मोशेबरोबर ओझे वाहणाऱ्यांची. वेशीत उजेडात बसावयाचे ते बंद खोलीत बसले होते.

परंतु आणखी एक चित्र आहे. इ.स.पू. ६०९ च्या सुमारास यिर्मयाला ठार मारावे अशी ओरड झाली, तेव्हा देशाच्या वडिलांपैकी काही जण उभे राहिले. हिज्कीयाच्या काळी मीखानेही यरुशलेमेच्या नाशाचा असाच संदेश दिला होता आणि राजाने त्याला मारले नव्हते, उलट परमेश्वराचे भय धरले होते, अशी आठवण त्यांनी करून दिली (यिर्मया २६:१७-१९). घटना सुमारे शंभर वर्षांपूर्वीची होती. वडिलांची स्मरणशक्ती देणग्यांचे आकडे व जुनी भांडणे लक्षात ठेवण्यापुरती नसते. वेळ येताच एका निरपराध्याचा जीव वाचविण्यासाठी ती असते.

५. नव्या करारातील वडील

पौलाने मिलेत येथे इफिस मंडळीच्या वडिलांना बोलावून घेतले, तेव्हा आपण सर्वांच्या रक्ताविषयी निर्दोष आहोत असे तो म्हणाला (प्रे. कृत्ये २०:२६). असे तो म्हणू शकला, कारण तीन वर्षे रात्रंदिवस अश्रू गाळीत प्रत्येकाला बोध करण्यात त्याने कसूर केली नव्हती. पिलातानेही हात धुतले. पण त्या वेळी निर्दोष येशू त्याच्यासमोर जिवंत उभा होता आणि त्याला सोडण्याचा अधिकार पिलाताच्या हाती होता. हात धुण्याच्या या दोन रीती आहेत. पेत्र तर स्वतःला सोबतीचा वडील म्हणवितो आणि धनी असल्यासारखे वागू नका, कळपाला कित्ते व्हा, असा बोध करतो (१ पेत्र ५:१-३).

प्रिय वाचकहो, मराठी मंडळ्या आज इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली अशा दूरच्या नगरांतही आहेत. कामासाठी आलेला नवखा माणूस आपली भाषा ऐकून त्यांच्या दारी येतो. तो रविवारी यावयाचा थांबला, तर अंतर कोणी मोजावे? शास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे : जे सर्वांत जवळ होते त्यांच्या वडिलांनी.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत नेमणूक नसतानाही ओझे वाहणारे कोण आहेत? आपण त्यांना ओळखतो काय?

२. आपल्या कमिटीचे कोणते निर्णय वेशीत, सर्वांच्या देखत घेण्याजोगे आहेत, पण बंद खोलीत घेतले जातात?

३. गेल्या वर्षभरात उपासनेला यावयाचे थांबलेल्या एका व्यक्तीचे नाव लिहा. तिच्या घरी या आठवड्यात कोण जाईल?