हातातला गेम : जादा पैसे नेमके कशाचे?

होस्टेलमध्ये सध्या एक वाद रंगलाय. हातात धरून खेळायचा भारीतला व्हिडिओ गेम घ्यावा की नाही? आसूसचा आरओजी अलाय 2023 साली भारतात आला तेव्हा किंमत होती 69,990 रुपये. 2025-26 च्या हमीभावाने (क्विंटलला 5,328 रुपये) हे तेरा क्विंटल सोयाबीन झालं. आणि हमीभाव मोंढ्यात मिळतोच असं नाही, हे परभणीवाल्यांना मी काय सांगू! परवडतं का, हे ज्याने त्याने घरी विचारावं. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, मी फक्त जादा पैशात मिळतं काय ते बघणार.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. गुनपेई योकोई नावाचे इंजिनिअर 1965 मध्ये निन्टेन्डोत लागले, ते पत्ते छापणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. (म्हणजे मेन्टेनन्सच्या नोकरीला नाक मुरडू नका.) त्यांचं म्हणणं असं, की जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्या आणि ते नव्या कामाला लावा. 1989 चा गेम बॉय हा त्याचाच नमुना. 160 बाय 144 ठिपक्यांचा पडदा, चारच छटा, मागे दिवा नाही. अमेरिकेत किंमत सुमारे 90 डॉलर.

सेगाचा गेम गिअर दिसायला कितीतरी सरस होता. रंगीत पडदा, मागे ट्यूब. 1991 मध्ये तो अमेरिकेत आला, साधारण 150 डॉलरला. आता वही काढा. अल्कलाइन पेन्सिल सेल साधारण 2.5 अँपिअर-तास, 1.5 व्होल्ट, म्हणजे 3.75 वॉट-तास. गेम बॉयला असे चार सेल, एकूण 15 वॉट-तास. तो 15 तास चालला असं धरलं तर खप 1 वॉट. गेम गिअरला सहा सेल, म्हणजे 22.5 वॉट-तास, आणि ते चार तासांत संपायचे. खप साडेपाच वॉटच्या पुढे! जादा पैसे देऊन लोकांनी घेतला पडदा, आणि वर सेलचा खर्च कायमचा मागे लागला. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून 11 कोटी 80 लाखांवर विकले गेले. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला.

हेच गणित अलायला लावा. बॅटरी 40 वॉट-तासांची. जड गेमला नुसती चिप 25 वॉट खाते असं धरलं तरी 1.6 तास होतात, पडदा आणि पंखा वेगळेच. परभणीहून तपोवनमध्ये बसून खेळायला लागलात तर जालना यायच्या आत मशीन गप्प. हलके गेम खेळा, बॅटरी बरीच जास्त पुरेल. पण मग हलक्या गेमसाठी सत्तर हजार कशाला?

मग जादा पैसे देऊच नयेत का? तसं मी म्हणणार नाही. जे झिजतं त्याला द्यावेत. अंगठ्याने फिरवायच्या काडीखाली बहुधा पोटेन्शिओमीटर असतो. त्यातला ट्रॅक घासून घासून झिजतो आणि हात न लावता पडद्यावरचा गडी आपोआप चालायला लागतो. हॉल इफेक्ट सेन्सरवाल्या काडीत चुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकतच नाहीत, म्हणून ती झीज होत नाही. तिथे दोन पैसे जास्त गेले तर वाईट वाटून घेऊ नका. तसंच भारतातली वॉरंटी. ओळखीच्याकडून बाहेरून मागवलेलं मशीन स्वस्त पडेल, पण बिघडल्यावर कोणाकडे न्यायचं?

तेव्हा दुकानात गेलात की पडद्याची चमक नंतर बघा. आधी दोन आकडे विचारा, बॅटरी किती वॉट-तास आणि चिप किती वॉट. भागाकार तिथेच तोंडी करता येतो.