टाउनशिपमध्ये घर घेण्याआधी कोणते कागद पाहाल?

कल्याण-शिळफाटा, बदलापूर, पनवेल किंवा पुण्याजवळच्या वाघोली, हिंजवडी या भागांत नव्या वसाहतींची कामे जोरात सुरू आहेत. तिथे घर घेऊ पाहणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांपैकी पाच प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : आम्ही लालबागच्या चाळीत राहतो. डोंबिवलीजवळ वन बीएचके पाहिला आहे. बिल्डर म्हणतो, ‘रेरा नंबर आहे, बँकेचे कर्जही मिळते, आणखी काय हवे?’ एवढ्यावर बुकिंग करावे का?

उत्तर : करू नये. कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतील ६५ इमारतींचे प्रकरण तुमच्या डोळ्यांसमोर असू द्या. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून या इमारतींसाठी रेरा नोंदणी मिळवली गेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथे घर घेतलेल्यांनी रेरा क्रमांक पाहूनच पैसे गुंतवले होते आणि अनेकांनी कर्जही काढले होते. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेला ४१ इमारती पाडल्या गेल्या. ती जमीन कचराभूमी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी आरक्षित होती. सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली.

म्हणून कागद ज्या कार्यालयाने दिला, त्याच कार्यालयात तो खरा आहे का हे विचारायचे. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरून प्रकल्पाचे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, उतरवून घ्या. त्यावरचा क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि हे प्रमाणपत्र त्यांच्या दप्तरी आहे का, किती मजल्यांसाठी आहे, हे लेखी विचारा. दाद दिली नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करा. तिथूनच त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला घ्या, म्हणजे जागेवर आरक्षण आहे का ते कळेल. सातबारा, बिनशेती आदेश आणि मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्या. बिल्डरने सुचवलेल्या वकिलावर हे काम सोपवू नका. बँक कागद तपासते ती तिच्या कर्जापुरते. इमारत पडली तरी हप्ता तुमच्या नावावर राहतो.

करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागणे रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार बेकायदा आहे.

प्रश्न : इमारत पूर्ण दिसते, पण ओसी आलेली नाही. ‘फर्निचरसाठी ताबा घ्या, ओसी महिन्याभरात येईल,’ असे सांगितले जाते. इकडे घरभाडे आणि हप्ता दोन्ही भरतो आहे. ताबा घ्यावा का?

उत्तर : तुमची ओढाताण समजते, पण ताबा घेऊ नका. १९६३ च्या मोफा कायद्याच्या कलम ३ नुसार भोगवटा प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे ओसीशिवाय, बिल्डरने ताबा देऊ नये आणि खरेदीदारानेही तो घेऊ नये. ओसी नसलेल्या इमारतीला पाण्याची नियमित जोडणी मिळणे अवघड जाते आणि पुढे घर विकतानाही अडचण येते. मुंबईतील समृद्धी गृहनिर्माण संस्थेच्या सदस्यांना ओसीअभावी मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा भरावी लागत होती. ओसी न मिळवणे ही बिल्डरची सतत चालू राहणारी चूक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये दिला. निर्णय ग्राहकांच्या बाजूने लागला खरा, पण तोवर कित्येक वर्षे गेली होती.

ताब्याची करारातील तारीख उलटली असेल, तर रेराच्या कलम १८ खाली प्रत्येक महिन्याच्या विलंबाचे व्याज तुम्हाला मागता येते. महाराष्ट्रात ते स्टेट बँकेच्या कर्जाच्या आधारदरापेक्षा, म्हणजे सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा, २ टक्के जास्त असते. फर्निचरसाठी ताबा घेताना ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागितली जाते. ती सही करू नका.

प्रश्न : माहितीपत्रकात शाळा, क्लब हाउस, तरणतलाव आणि २४ तास पाणी असे सगळे आहे. प्रत्यक्षात सध्या टॅंकर येतो. या आश्वासनांना कायद्यात किंमत आहे का?

उत्तर : आहे. जाहिरातीतील खोट्या माहितीमुळे नुकसान झाले, तर रेराच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते. त्यामुळे माहितीपत्रक, क्यूआर कोड असलेली जाहिरात आणि सेल्समनचे व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवा. तरी खरी पकड करारनाम्याचीच. कोणती सुविधा कोणत्या तारखेला मिळणार हे करारात लिहिणे महारेराने २०२४ मध्ये बंधनकारक केले. पार्किंगची लांबी, रुंदी आणि उंचीही लिहावी लागते. करारातील तो तक्ता कोरा असेल, तर आधी भरून घ्या. उघड्या जागेतील पार्किंग विकण्याचा हक्क बिल्डरला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे.

शाळेचा भूखंड मंजूर आराखड्यात आहे का ते पाहा. असल्यास दोन तृतीयांश खरेदीदारांच्या लेखी संमतीशिवाय तिथे दुसरा टॉवर उभा करता येत नाही. करारात अशी संमती आगाऊ घेणारे कलम घुसवलेले नाही ना, हे मात्र वकिलाला मुद्दाम बघायला सांगा.

पाण्याबाबत नुसत्या ‘पाणी आहे’ या शब्दावर जाऊ नका. पालिकेची जोडणी मंजूर आहे का आणि ती येईपर्यंत टॅंकरचा खर्च कोण करणार, हे विचारा. अनेक ठिकाणी परवानगी घेताना बिल्डरने पाणी पुरवण्याचे हमीपत्र दिलेले असते. त्याची प्रत मागा. एप्रिल-मे महिन्यात तिथे राहत्या इमारतीतल्या चार घरांत जाऊन चौकशी करा.

सोसायटीबाबतही नुसत्या शब्दावर जाऊ नका. इमारतीतील ५१ टक्के घरांचे बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत सोसायटीसाठी अर्ज करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. टाउनशिपची जमीन मात्र शेवटच्या इमारतीच्या ओसीनंतर सगळ्या सोसायट्यांच्या शिखर संस्थेकडे जाते. म्हणून शेवटचा टप्पा कधी संपणार ते आजच विचारा. सोसायटी होईपर्यंत देखभालीचे पैसे बिल्डरकडे जातात. त्यांचा हिशेब मागणे हा तुमचा हक्क आहे.

प्रश्न : बदलापूरला नदीकाठची इमारत आवडली आहे. पुराची भीती कितपत?

उत्तर : २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती, हे आठवा. जलसंपदा विभागाच्या नकाशावर दोन रेषा असतात. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आहे, तर दोन्ही रेषांमध्ये जोत्याच्या उंचीसारख्या अटींवर परवानगी मिळते. सर्व्हे नंबर कुठे येतो ते नगररचना विभागात पाहा आणि गाडी कुठे उभी राहणार तेही. तळघरातील पार्किंग असेल, तर मी नको म्हणेन.

प्रश्न : ठाणे परिसरात ४८ लाखांचे बांधकाम सुरू असलेले घर घेत आहे. हाताशी किती रोख हवी?

उत्तर : ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते. म्हणजे स्वतःचे ९ लाख ६० हजार हवेत. अधिभारांसह ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ३ लाख ३६ हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. ५ टक्के जीएसटी २ लाख ४० हजार. ६०० चौरस फुटांना ४ रुपये दराने दोन वर्षांची आगाऊ देखभाल धरली, तर ५७ हजार ६००. एकूण १६ लाख २३ हजार ६०० रुपये. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

घर फक्त स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का, म्हणजे ४८ हजार वाचतात. ओसी मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही. बांधकाम सुरू असलेल्या घराची किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत असेल, तर मुंबई महानगर परिसरात तो १ टक्काच आहे. दर बदलतात, म्हणून नोंदणीच्या आठवड्यात ते पुन्हा तपासा.

वाचकांना एवढेच सांगणे आहे. बुकिंगचा चेक देण्याआधी एक रजा टाका आणि नगररचना विभागात जाऊन या. ‘ऑफर आज रात्रीपर्यंतच’ असे कोणी म्हणाले, तर ती ऑफर जाऊ द्या.